पाच तुकड्या, तीनशे पोरं: विषयशिक्षकाने नावं पाठ कशी करायची

वर्गशिक्षकाचं एकवेळ ठीक असतं. एकच तुकडी, रोज सकाळी हजेरी, पालकांचे फोन, महिनाभरात नावं आपोआप बसतात. खरी पंचाईत विषयशिक्षकाची होते. आठवीच्या दोन तुकड्या, नववीच्या दोन, दहावीची एक, प्रत्येकीत पन्नास-साठ पोरं, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची आणि त्यातली पाच मिनिटं वर्ग शांत करण्यात जाणार. मग होतं काय, तर पुढच्या बेंचवरचे सात-आठ हुशार आणि मागच्या बेंचवरचे चार-पाच वांड एवढ्यांचीच नावं येतात, आणि बाकीचे सगळे दिवाळीपर्यंत "ए तू, हो तूच, खिडकीजवळची" असेच चालतात. मी जे खाली लिहितेय ते मुख्यतः ह्या मधल्या चाळीस पोरांसाठी आहे.

स्टाफरूममधे कायम ऐकू येणारं वाक्य म्हणजे "माझी मेमरीच तशी आहे हो, नावं राहतच नाहीत". अहो, कुणाचीच राहत नाहीत. १९८७ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर एक प्रयोग केला होता, अनोळखी चेहरे दाखवायचे आणि प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगायचा. गंमत अशी की एकच शब्द धंदा म्हणून सांगितला तर बराच लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितला तर लोक विसरले. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर "हा सुतारकाम करतो" म्हटलं की डोळ्यासमोर रंधा, भुसा, लाकूड सगळं येतं, पण "ह्याचं आडनाव सुतार" म्हटलं की काहीच येत नाही. नावाला धरून ठेवायला डोक्यात खुंटीच नसते. म्हणून यादी दहा वेळा वाचून काही होत नाही, कारण वाचताना नाव समोरच असतं, डोक्याला काही कामच नसतं. चेहरा बघायचा, यादी न बघता नाव आठवायचा प्रयत्न करायचा, मग बरोबर का चूक ते लगेच तपासायचं, एवढंच खरं काम करतं. बाकी सगळ्या युक्त्या हे आठवणं दिवसातून जास्तीत जास्त वेळा कसं घडेल ह्यासाठीच आहेत.

शाळा उघडायच्या आधी

वर्गशिक्षकाकडून कॅटलॉगची, म्हणजे हजेरीपटाची, कॉपी घ्या, पण ती तशीच वापरू नका. कॅटलॉगमधे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आपली नजर पहिल्या शब्दावर थांबते म्हणून आपल्याला "जाधव, जाधव, जगताप, जोशी" असंच पाठ होतं. एका वहीत स्वतःच्या हाताने फक्त पहिली नावं लिहून काढा, एका तुकडीला एक पान, नावापुढे दोन बोटं जागा मोकळी. लिहितानाच कळतं की ह्या वर्गात तीन साक्षी आहेत, दोन ओम आहेत, एक आर्या मुलगी आणि एक आर्य मुलगा आहे. त्यांच्यावर आत्ताच खूण करून ठेवा.

अजून एक, ऑनलाइन माहितीवरून छापलेल्या याद्या बऱ्याचदा इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आणलेल्या असतात, त्यामुळे श्रावणीची शरावणी होते, ज्ञानेश्वरीचं तर काहीही होतं. यादीतला उच्चार छातीठोकपणे वर्गात म्हणू नका, आधी पोराकडून ऐका.

गेल्या वर्षीच्या शिक्षकांना विचारायचं असेल तर उच्चार विचारा, कुणाला घरी वेगळ्या नावाने हाक मारतात का ते विचारा. "कोण त्रास देणारे आहेत" हे विचारू नका, कारण मग नावाला पहिली खुंटी तीच मिळते आणि ती काही केल्या निघत नाही.

पहिला तास: नावाची पट्टी

जाड कागद किंवा जुन्या कॅलेंडरची पानं, पाठकोरी असली तरी चालतात. एका पानाच्या तीन-चार पट्ट्या होतात, मधे दुमडली की बेंचवर तंबूसारखी उभी राहते. स्केचपेनने मोठ्या अक्षरात फक्त पहिलं नाव, आणि ते कसं लिहायचं हे पोराने ठरवायचं. कागदोपत्री "सोमनाथ" असलेला पोरगा पट्टीवर "सोमा" लिहीत असेल तर लिहू दे. एवढंच सांगायचं की तुला सगळ्यांसमोर ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते लिही. आठवी-नववीत दोघंतिघं हिरोचं नाव लिहितातच, हसायचं आणि दुसरी पट्टी द्यायची.

ह्या पट्टीचा उपयोग किती होतो त्यावर अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीमधे १८५ विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या जीवशास्त्राच्या वर्गात अभ्यास झालाय, २०१७ मधे छापून आला. तिथे सगळ्यांसमोर अशाच पट्ट्या होत्या. ७८ टक्के मुलांना वाटलं की शिक्षकांना आपलं नाव येतं, आणि प्रत्यक्षात शिक्षकांना साधारण ५३ टक्केच नावं येत होती! म्हणजे पट्टी वाचून नाव घेतलं तरी पोराला बरं वाटतं. पहिल्याच दिवसापासून नावाने हाक मारता येते हा मोठाच फायदा.

पण पट्टी कायम समोर राहिली तर आपण वाचतच राहतो आणि लक्षात काही राहत नाही. म्हणून तास संपला की पट्ट्या गोळा करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मॉनिटरला वाटायला न देता आपण स्वतः वाटायच्या. पट्टी हातात घ्यायची, "वैष्णवी" असं मनात म्हणायचं, वर्गावर नजर फिरवायची, वैष्णवी कोण ते ओळखायचा प्रयत्न करायचा आणि मगच नेऊन द्यायची. चुकलं तर पोरं हसतात, हसू दे. पहिल्या आठवड्यात ह्याला तासाची चार-पाच मिनिटं जातात आणि अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटते, पण पुढे वर्षभर "ए शांत बसा" च्या जागी "समीर, तिकडे काय चाललंय?" म्हणता आलं की ती मिनिटं परत मिळतात.

एका दिवशी एकच रांग

साठच्या साठ नावं एका दमात करायला गेलं की सगळ्याची खिचडी होते. बेंचचा नकाशा काढा, चौकोनात नाव, आणि रोज एकच रांग पक्की करायची, साधारण दहा-बारा पोरं. आज भिंतीकडची रांग, उद्या तिच्या शेजारची. प्रश्न मुद्दाम त्या रांगेलाच जास्त विचारायचे. आधी कालच्या रांगेची उजळणी, मगच आजची रांग.

बऱ्याच शाळांमधे दर सोमवारी बेंच बदलतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे. त्यामुळे जागेवरून पाठ केलेली नावं सोमवारी सगळी कोसळतात. मला विचाराल तर हे चांगलंच आहे, कारण जागा लक्षात ठेवली होती की माणूस हे लगेच कळतं. फक्त पहिले दोन आठवडे जागा बदलू नका अशी वर्गशिक्षकाला विनंती करून ठेवा.

ओळख करून द्यायचा कार्यक्रम

एकेकाने उठायचं, नाव-गाव-छंद सांगायचं आणि बसायचं, ह्याने कुणाचंच नाव कुणालाच कळत नाही. पोरांनाही नाही, कारण आपली पाळी जवळ आली की आपण काय बोलायचं ह्यातच डोकं असतं आणि आपल्या आधी बोलणाऱ्याचं काही ऐकूच येत नाही. १९७३ साली माल्कम ब्रेनर नावाच्या संशोधकाने हे प्रयोगाने दाखवलं होतं.

त्यापेक्षा साखळी करा. पहिला आपलं नाव सांगेल, दुसरी पहिल्याचं नाव घेऊन आपलं सांगेल, तिसरा दोघांचं घेऊन आपलं. पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रिट्झ ह्यांनी ह्या खेळाचा नीट अभ्यास केलाय आणि साध्या ओळखीपेक्षा ह्याने नावं कितीतरी जास्त लक्षात राहतात असं त्यांना आढळलं. साठ जणांची एक साखळी मात्र करू नका, शेवटचा बिचारा रडकुंडीला येईल. आठ-दहाचे गट करा आणि गटाच्या शेवटी आपण स्वतः सगळी नावं म्हणायची. एखाद्याला नाव आठवलं नाही तर ज्याचं नाव आहे त्याने फक्त पहिलं अक्षर सांगायचं. आणि नावाबरोबर एखादी गोष्ट विचारा जी चेहऱ्याला चिकटेल, पण "छंद" नको, सगळे क्रिकेट आणि ड्रॉइंगच सांगतात. "शाळेत कशाने येतोस आणि वाटेत काय लागतं" हे विचारा. कुणी सायकलवर ओढा ओलांडून येतो, कुणी वडाप जीपला लटकून, कुणाच्या वाटेत कुत्रं अंगावर येतं. बस, खुंटी मिळाली.

चेहरा बघायचा म्हणजे काय बघायचं

अनोळखी माणसाचा चेहरा आपण केसांवरून आणि चेहऱ्याच्या बाहेरच्या आकारावरून धरतो, ओळखीच्याचा मात्र डोळे-नाक-तोंडावरून. आता शाळेत बघा, एकच गणवेश, मुलींच्या तेल लावून घातलेल्या दोन वेण्या आणि रिबिनी, मुलांचे बारीक कापलेले केस. म्हणजे पहिल्या नजरेला सगळे सारखेच. म्हणून चष्मा, रिबीन, दप्तराचा रंग ह्यावरून पाठ करायला जाऊ नका, चष्मा तुटतो आणि दप्तर बदलतं. भुवया, हनुवटी, दातांमधली फट, हसल्यावर पडणारी खळी, बोलायची ढब, चालणं हे बघा. बघितलेलं स्वतःपुरतं ठेवा, नोंदवहीत "पुढे दात" असलं काही लिहू नका, वही कुणाच्याही हातात पडते.

परीक्षा घ्यायची असेल तर वाढदिवसाच्या दिवशी रंगीत ड्रेसमधे आलेल्या मुलीचं नाव आठवतंय का बघा, किंवा आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसलेल्या पोराचं. तिथे नाव आलं म्हणजे पक्कं.

रोजच्या कामात आठवण घुसवायची

ह्यासाठी वेगळा वेळ कुणाकडेच नाही, जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आहेच. म्हणून जी कामं करायचीच आहेत त्यातच हे बसवा. वह्या तपासून झाल्या की वाटायचं काम स्वतः करा, हे सगळ्यात भारी. वहीवर नाव आहे, समोर चेहरे आहेत, साठ वेळा आठवायची संधी फुकटात. वही तपासतानाही नाव वाचलं की चेहरा डोळ्यासमोर आणायचा, आला नाही तर त्या वहीवर पेन्सिलने बारीक टिंब, दुसऱ्या दिवशी ती वही देताना त्या पोराशी दोन वाक्यं जास्त बोलायचं.

पोषण आहाराच्या रांगेवर ड्युटी असेल तर तिथे, परिपाठाला रांगेतून फिरताना तिथे, युनिट टेस्टला सुपरव्हिजन असेल तर अख्खा तास मोकळाच असतो, एकेक चेहरा बघत मनात नाव म्हणायचं आणि अडलं की जवळ जाऊन उत्तरपत्रिकेवर बघायचं.

पोरांना पहिले दोन आठवडे एक नियम घालून द्या, उत्तर द्यायला उभं राहिलं की आधी नाव. "बाई, मी प्रतीक, उत्तर ऑक्सिजन." आणि आपणही उलट बोलताना "बरोबर प्रतीक, पण का?" असं नाव परत घ्यायचं. उगाच प्रत्येक वाक्यात नाव घेतलं तर मात्र ते सेल्समनसारखं वाटतं, पोरांना लगेच कळतं.

आणि मधे वेळ जाऊ द्या. नाव ऐकल्यावर लगेच एकदा आठवा, मग तासाच्या शेवटी, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. टप्प्याटप्प्याने वाढत जाणारं अंतर नावांसाठी उपयोगी पडतं हे लँडॉअर आणि बिजोर्क ह्यांनी १९७८ मधेच दाखवलंय. आठवायला जरा त्रास झाला पाहिजे, लगेच यादीत बघायचं नाही, पाच-सहा सेकंद डोकं खाजवायचं.

शुक्रवारचा कोरा कागद

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शुक्रवारी ऑफ तासाला कोरा कागद घ्या आणि एका तुकडीची सगळी नावं यादी न बघता लिहून काढा. पस्तीस-चाळीस येतील. मग कॅटलॉगशी ताडून बघा कोण राहिलं.

जी राहतात ती नावं नीट बघा. बहुतेक मधल्या बेंचवरच्या गप्प मुली असतात, वही वेळेवर, मार्क मधले, तक्रार नाही. किंवा दोन-तीन दिवसांनी एकदा येणारी पोरं. ह्यांच्याशी आठवड्याभरात आपण एक शब्दही बोललेलो नसतो म्हणून ती नावं येत नाहीत. पुढच्या आठवड्याची यादी आपोआप तयार झाली, ह्यांना एकेक सोपा प्रश्न, एकेक काम, फळा पुसणं, प्रयोगशाळेतून स्टँड आणणं, काहीही. पुढच्या शुक्रवारी परत कागद. तीन-चार शुक्रवारांत यादी पूर्ण व्हायला लागते. मला विचाराल तर हा कागद म्हणजे नावांपेक्षा आपल्याच शिकवण्याची तपासणी आहे, मुख्याध्यापक आपला तास बघून लॉगबुकात शेरा लिहितात त्यापेक्षा खरी.

तीन साक्षी आणि एक जुळी जोडी

एका नावाची तीन पोरं असली की आपण "मोठी साक्षी, छोटी साक्षी" करतो किंवा त्याहून वाईट म्हणजे "गोरी साक्षी". नका करू. वडिलांच्या नावावरून वेगळं करणंही टाळा, वर्गात कुणाचे वडील नाहीत, कुणाचे घर सोडून गेलेत, हे आपल्याला जूनमधे माहीत नसतं. २०२४ मधे राज्य सरकारने कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवलाय तो चांगलाच आहे, पण भर वर्गात तेही विचारायचं कारण नाही. त्या तिघींनाच विचारा तुम्हाला कसं ओळखायचं. त्या आडनावाचं पहिलं अक्षर लावतात, नाहीतर घरचं नाव सांगतात, पाच मिनिटांत प्रश्न सुटतो.

जुळ्यांच्या बाबतीत दोघांमधला फरक शोधत बसू नका, आधी एकालाच पक्का ओळखायला शिका, उरला तो दुसरा. आणि दोघांनाही एकमेकांच्या नावाने हाक मारली गेल्याचा वैताग असतो, त्यामुळे खात्री नसेल तर सरळ विचारलेलं त्यांना चालतं.

कुठलं नाव घ्यायचं

आपल्याकडे मुलांना आडनावाने हाक मारायची जुनी सवय, "ए कांबळे, उठ", "पवार, फळा पूस". सोपं पडतं हे खरं, पण आडनावावरून जात कळते हे आपल्यालाही माहीत आहे आणि आठवीतल्या पोरालाही. पहिलं नावच घ्या. निदान सगळ्यांना एकच नियम लावा, ठरावीक पोरांना नाव आणि ठरावीक पोरांना आडनाव असं होत असेल तर ते पोरं बरोबर टिपतात.

टोपणनावांचं पण तसंच. काळ्या, जाड्या, बुटक्या ही नावं मित्र घेतात म्हणून आपण घ्यायची नसतात, पोरगा हसतो तेव्हाही.

आणि उच्चार. जुवेरिया, तय्यबा, झारखंड-बिहारहून आलेल्या कुटुंबातली नावं, नंदुरबार-पालघरकडची आदिवासी पाड्यांवरची नावं, ही आपल्या तोंडात चटकन बसत नाहीत म्हणून सोपी करून टाकायची सवय असते. त्या मुलीकडून दोनदा म्हणवून घ्या, स्वतः म्हणून दाखवा, बरोबर का विचारा, वहीत आपल्या पद्धतीने लिहून ठेवा. हे सगळ्या वर्गासमोर नको, वह्या देताना हळूच.

फोटो काढावेत का

मोबाईलमधे वर्गाचा फोटो काढून त्यावर नावं टाकली तर घरी सराव होतो, पद्धत चांगली आहे. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय, त्यामुळे परस्पर काढू नका, मुख्याध्यापकांशी बोला, ओळखपत्रासाठी काढलेले फोटो ऑफिसात असतातच ते तिथेच बसून बघता येतात. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "हा कोण ओळखा" असं टाकणं तर अजिबात नको.

दिवाळीनंतर

सुट्टीवरून परत आलं की दहा-पंधरा नावं पुसलेली असतात, पहिल्या दिवशी परत कोरा कागद. ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवत असाल, बीड-अहिल्यानगरकडे वगैरे, तर काही पोरं ह्याच सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उगवतात. त्यांची नावं वहीत खोडू नका, वेगळ्या पानावर ठेवा आणि अधूनमधून वाचा. चार-पाच महिन्यांनी आलेल्या पोराला दारातच नावाने आत बोलावलं तर त्याला बाकी काही समजवावं लागत नाही. उशिरा ॲडमिशन झालेल्यांचंही बघा, ते ओळखीच्या कार्यक्रमाला नव्हतेच, त्यांची पट्टी नवीन करा.

ऐन वेळी आठवलंच नाही तर

"काय रे बाळा" करून वेळ मारून नेता येते, पण ते पोराला कळतं. सरळ म्हणा, "तुझं नाव जिभेवर आहे, पहिलं अक्षर सांग". सांगितल्यावर लगेच नाव घ्या आणि तासाच्या शेवटी परत एकदा मुद्दाम त्यालाच हाक मारा. चुकीचं नाव घेतलं असेल तर दुरुस्त करणाऱ्या पोराला थँक्यू म्हणा, म्हणजे बाकीचेही दुरुस्त करतात. एकाच पोराचं नाव तिसऱ्यांदा चुकलं तर मधल्या सुट्टीत त्याच्याशी पाच मिनिटं बोला, नाव सोडून दुसऱ्या कशावरही, शेळी व्याली का, भाऊ कितवीला आहे, गणपतीत तुमच्या मंडळाचं काय ठरलंय. पुढच्या वेळी नाव येतं.

राहता राहिले जुने विद्यार्थी, एसटी स्टँडवर दाढीमिशी आलेला तरुण समोर येतो आणि विचारतो, "बाई, ओळखलंत का?" इथे वरची एकही युक्ती चालत नाही. दहावीला कुठल्या वर्षी होतास आणि कुठे बसायचास ते विचारा, बेंच आठवला की बऱ्याचदा नावही येतं, नाही आलं तर तो स्वतःच सांगतो.